अळीचा रोग आणि तुरीचे रक्षण
(बिदर-कलबुर्गी सीमाभागातील एका विषाणूचा इतिहास)



 आपल्या भागात इतिहासाचे व्याख्यान म्हटले, की बहामनींची राजधानी, महमूद गावानाचा मदरसा, बसवेश्वरांचे कल्याण आणि निझामी राजवटीविरुद्धचा लढा हे विषय डोळ्यांपुढे येतात. त्यांचे मोल थोर आहे. तथापि, ज्या पिकाच्या पैशावर आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, त्या तुरीलाही इतिहास आहे. तिला खाणाऱ्या अळीला इतिहास आहे आणि त्या अळीला मारणाऱ्या एका विषाणूलाही आहे. आज मी त्याविषयी बोलणार आहे. माझे आयुष्य कृषिकीटकशास्त्र शिकविण्यात गेले, त्यामुळे या इतिहासाचा काही भाग मी जवळून पाहिला आहे.

माझे प्रतिपादन आरंभीच सांगतो. किडींना होणारा रोगच पिकाचे औषध म्हणून वापरता येतो, हे सिद्ध होऊन पाऊणशे वर्षे लोटली. हे औषध आपल्या गावात, आपल्याच शेतातील अळ्यांपासून तयार होऊ शकते. तरीही ते शेतकऱ्याच्या हाती टिकले नाही. औषध खोटे होते म्हणून असे घडले नाही. ते ज्या ज्ञानाच्या, वेळेच्या आणि विश्वासाच्या साखळीवर चालते, ती साखळी आपण पुरती उभी केली नाही.

तुरीची कणगी

कलबुर्गी जिल्ह्याला कन्नडमध्ये ‘तोगरीय कणज’ म्हणतात. तोगरी म्हणजे तूर आणि कणज म्हणजे आपली कणगीच. शब्द कानाला शेजारचाच वाटतो. कलबुर्गीपासून बिदर जिल्ह्यातील हुमनाबाद, बसवकल्याण, भालकी, औराद आणि पलीकडे लातूर, धाराशिव, नांदेडपर्यंत हा एकच कोरडवाहू पट्टा आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेने त्यावर रेषा ओढल्या, परंतु पिकांना आणि किडींना त्या ठाऊक नाहीत. येथील तुरीला २०१९ साली ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले.

तूर हे संयमाचे पीक आहे. मृगाच्या पावसावर पेरावी, पाच-सहा महिने वाट पाहावी, तेव्हा कोठे शेंगा हाती येतात. या पिकावर पूर्वी मर रोगाचे मोठे संकट होते. पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने, म्हणजे इक्रिसॅटने, निवडलेला ‘मारुती’ हा मररोग-प्रतिकारक वाण १९८०च्या दशकात आला आणि उत्तर कर्नाटकात झपाट्याने पसरला. महाराष्ट्रातील बदनापूर केंद्राचे वाणही सीमा ओलांडून आले. मुळाशी बसलेला शत्रू असा काहीसा आवरला. परंतु शेंड्यावरचा शत्रू उरला.

तो शत्रू म्हणजे शेंगा पोखरणारी हिरवी अळी, शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्यावर आपण तिलाच घाटे अळी म्हणतो आणि कापसावर बोंड अळी म्हणतो. तिचा पतंग शेकडो अंडी घालतो आणि शंभराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तिचा निर्वाह होतो. तुरीला फुले लागली, आभाळ आले, की ती दिसू लागते. प्रथम कळ्या-फुले खाते. मग शेंगेला भोक पाडून डोके आत आणि अर्धे अंग बाहेर ठेवून दाणा फस्त करते. येळवशीला आपण शेतात भज्जी-आंबिलीचा नैवेद्य घेऊन जातो, त्या सुमारास तुरीचा निकाल बहुधा लागलेला असतो.

रेशीमकिड्यापासून आरंभ

अळीलाही रोग होतो, हे माणसाला प्रथम समजले ते रेशमाच्या धंद्यात. इटलीच्या मार्को जिरोलामो विदा या कवीने १५२७ साली रेशीमकिड्यावर लॅटिन काव्य प्रसिद्ध केले. त्यात किड्यांच्या ज्या आजाराचे वर्णन आहे, तो आजचा ‘ग्रासरी’ रोग असावा, असे मानतात. दक्षिण कर्नाटकातील रेशीम-उत्पादक या रोगाला ‘हालु तोंडे’ म्हणतात. हालु म्हणजे दूध. रोगी किड्याची कातडी फाटून दुधासारखा द्रव गळतो, म्हणून हे नाव.

१८५६ साली मायेस्त्री आणि कोर्नालिया या इटालियन संशोधकांनी त्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे बहुफलकी स्फटिक पाहिले. ते रोगाचे कारण की परिणाम, हा वाद पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालला. १९४७ साली जर्मनीतील गेर्नोट बर्गोल्ड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले, की त्या स्फटिकाच्या पोटात काडीसारखे विषाणू दडलेले असतात. स्फटिक म्हणजे प्रथिनाची पेटी आणि विषाणू हा तिच्यातील ऐवज.

या पेटीची रचना मोठी विलक्षण आहे. पानावर पडलेली पेटी अळीच्या खाण्यातून पोटात जाते. अळीचे आतडे तीव्र अल्कधर्मी असते. त्यात पेटी विरघळते, विषाणू मोकळे होतात आणि पेशीपेशीत शिरून वाढतात. माणसाचे व गुराढोरांचे जठर आम्लधर्मी असते, परंतु त्यांच्या निर्धोकतेचे कारण तेवढेच नाही. हा विषाणू काही विशिष्ट अळ्यांपलीकडे कोणाच्याही शरीरात वाढू शकत नाही. मधमाशी, ढालकिडा, पक्षी, मासा यांना तो अपाय करीत नाही.

रोगी अळी मरण्यापूर्वी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांनी धरून खाली डोके करून लोंबकळते. तिचे अंग पाघळते, कातडी फाटते आणि विषाणू खालच्या पानांवर ओघळतात. युरोपातील वनाधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच याला ‘शेंड्याचा रोग’ असे नाव दिले होते. अळीला वर चढविणारे एक जनुक विषाणूमध्येच असते, हे एका वन्य पतंगाच्या अळीवरील प्रयोगांतून २०११ साली दिसून आले. आपल्या तुरीतही अशा काळवंडलेल्या, उलट्या लटकलेल्या अळ्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिल्या असणार. पाहणे आणि ओळखणे यांतील अंतर मात्र विज्ञानालाच कापावे लागले.

रोगाचे औषध झाले

रोगाने अरण्य वाचविल्याचे पहिले मोठे उदाहरण कॅनडाचे आहे. १९३०च्या सुमारास तेथील स्प्रूस वृक्षांवर युरोपातून आलेली एक माशी पसरली. तिच्या बंदोबस्तासाठी युरोपातून परोपजीवी कीटक आणले गेले. त्यांच्यासोबत नकळत एक विषाणूही आला आणि काही वर्षांतच त्या किडीचा प्रादुर्भाव ओसरला. योगायोगाने झाले ते हेतुपूर्वक करण्याचा प्रयत्न कॅलिफोर्नियात एडवर्ड स्टाइनहाउस यांनी केला. लसूणघासावरील अळीवर त्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस विषाणू फवारून पाहिला. कीटकरोगशास्त्राचे ते एक प्रमुख प्रवर्तक ठरले.

पुढे कार्लो इग्नोफो आदींच्या परिश्रमातून हेलिकोव्हर्पाच्या कुळातील अळ्यांवरील विषाणूचे ‘एल्कार’ नावाचे औषध तयार झाले आणि अमेरिकेत १९७५ साली त्याची नोंदणी झाली. परंतु त्याच सुमारास पायरेथ्रॉइड वर्गातील नवी रसायने आली. त्यांचा थेंब पडताच अळी खाली पडे. आठवडाभराने मारणाऱ्या विषाणूची त्यांच्यापुढे मातब्बरी उरली नाही आणि १९८०च्या दशकात ‘एल्कार’ बाजारातून गेले. हा प्रसंग लक्षात ठेवावा. आपल्याकडे त्याचीच पुनरावृत्ती झाली.

भारतात या अळीच्या विषाणूची पहिली नोंद १९६८ साली गुजरातमधून झाली. त्यानंतर कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठात एस. जयराज, आर. जे. रबींद्र प्रभृतींनी त्यावर दीर्घकाळ काम केले. उन्हातील अतिनील किरण विषाणूला निकामी करतात, ही मुख्य अडचण होती. तिच्यावरील उपाय आपल्या घरातलेच निघाले. फवारणी सायंकाळी करावी. द्रावणात थोडा गूळ घालावा, म्हणजे अळी ते आवडीने खाते. ऊन अडविण्यासाठी कपड्याला घालायची नीळ मिसळावी. ज्ञान प्रयोगशाळेचे असले तरी सामग्री वाण्याच्या दुकानातली होती.

मात्रेचे मापही समजण्यास सोपे आहे. पूर्ण वाढलेल्या एका रोगी अळीतून सरासरीने मिळणारे सहा अब्ज स्फटिक म्हणजे एक ‘एल. ई.’ हेक्टरी २५० ते ५०० एल. ई. अशी शिफारस असते. अडीचशेच धरले, तर एकरी शंभर अळ्यांचा अर्क पुरे. ज्या तुरीच्या शेतात हजारो अळ्या फिरत असतात, तेथे औषधाचा कच्चा माल विकत आणण्याचे कारण उरत नाही.

१९९७चा हिवाळा

आता आपण आपल्या भागाकडे येऊ. १९८७ साली आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत कापसावरील बोंड अळी पायरेथ्रॉइडला दाद देईनाशी झाली. तीच अळी, तीच औषधे आणि तोच दुकानदारी सल्ला आपल्याकडेही होता. १९९७च्या हिवाळ्यात अवेळी पाऊस आणि ढगाळ हवा यांच्या पाठोपाठ बिदर व त्या वेळच्या गुलबर्गा जिल्ह्यांत तुरीवर अळीचा महापूर आला. शेतकऱ्यांनी एकामागून एक औषधे फवारली, दोन-दोन मिसळून फवारली. अळी मेली नाही, उधारी मात्र वाढली.

त्या दिवसांत भालकी तालुक्यातील एका गावी मी गेलो होतो. एका वयस्क शेतकऱ्याने तुरीचा फाटा मोडून माझ्या हाती दिला. एकाही शेंगेत पुरा दाणा नव्हता. ते म्हणाले, “सर, पाच वेळा मारलं. पहिल्या दोन वेळा पैसे होते, पुढच्या तीन वेळा त्यानं वहीत लिहिलं. आता अळी गेली अन् वही राहिली.” औषध विकणारा आणि उधार देणारा एकच होता. कोणते औषध, किती आणि कधी, हेही तोच सांगत असे.

१९९८च्या आरंभी बिदर जिल्ह्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ए. आर. वासवी यांनी १९९९ साली बिदरमधील या शेतीसंकटावर लिहिलेला अभ्यासलेख आजही वाचण्यासारखा आहे. कर्नाटक शासनाने आत्महत्यांच्या कारणमीमांसेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद जी. के. वीरेश यांच्याकडे होते आणि तिचा अहवाल २००२ साली आला. वीरेश हे स्वतः नामांकित कीटकशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. एका अळीमुळे माणूस मरत नाही. अळी, कर्ज, एकाकीपण आणि चुकीचा सल्ला एकत्र येतात, तेव्हा माणसाचा आधार सुटतो. या इतिहासात पणाला लागले होते ते केवळ उत्पन्न नव्हते.

हलविलेली तूर आणि गावचे औषध

याच संकटात एक जुनी रीत पुन्हा पुढे आली. कलबुर्गी भागातील शेतकरी तुरीची झाडे हलवून अळ्या खाली पाडीत. ओळीत पाल किंवा प्लॅस्टिकचा कागद पसरावा, झाड हलकेच दोन-तीनदा हलवावे, पडलेल्या अळ्या गोळा कराव्यात. फवारा नको की उधारी नको. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी या रीतीची पाहणी करून तिची उपयुक्तता मान्य केली आणि ती इतरत्र पोहोचविली. पाटणचेरू बिदरहून हैदराबादला जाण्याच्या वाटेवर आहे. आपल्या रानातील रीत आणि जगातील संशोधन यांच्यात इतकेच अंतर होते.

गोळा केलेल्या अळ्यांचे काय करायचे? काही कोंबड्यांना घालता येतात. उरलेल्यांपासून विषाणू तयार करता येतो. इक्रिसॅटने गावपातळीवर हे शिकविण्याचे काम हाती घेतले. पद्धत अशी : ही अळी आपल्याच भाऊबंदांना खाते, म्हणून प्रत्येक अळी निराळ्या कुपीत ठेवावी लागते. तिला विषाणूचे द्रावण लावलेले भिजविलेले हरभरे खायला द्यावेत. पाच ते सात दिवसांत अळ्या मरतात. मेलेल्या अळ्या पाण्यात कुजू द्याव्यात, वाटाव्यात, मलमलीच्या कापडातून गाळाव्यात आणि अर्क थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. बचतगटांतील महिलांनीही हे काम आत्मसात केले. ज्या हातांना पापड आणि सांडगे यांची स्वच्छता ठाऊक असते, त्यांना ही स्वच्छता समजावून सांगावी लागत नाही.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आष्टा या गावी राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने १९९८पासून कापसावर जो गावपातळीवरील प्रयोग केला, त्यातही या विषाणूला स्थान होते. निंबोळी अर्क, पक्ष्यांसाठी मचाण, मित्रकीटक आणि विषाणू यांची तेथे सांगड घातली गेली. तेथील धडा असा, की हे उपाय एकेका शेतकऱ्याने नव्हे, तर गावाने मिळून करायचे असतात. पतंग बांध ओळखीत नाही.

मग ते मागे का पडले?

याची कारणे प्रांजळपणे पाहिली पाहिजेत.

पहिले कारण वेळेचे. विषाणू लहान अळीवर, ती शेंगेबाहेर असताना चालतो. मोठी अळी शेंगेत शिरल्यावर फवारणी वाया जाते. शिवाय मृत्यूला चार ते सात दिवस लागतात. शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी जिवंत अळी दिसते आणि त्याचा धीर सुटतो. रोगी अळीचे खाणे आधीच मंदावते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरे कारण शुद्धतेचे. मागणी वाढताच बाजारात अनेक बाटल्या आल्या. तपासणीत त्यांतील कित्येकांमध्ये वेष्टनावर लिहिल्याच्या मानाने विषाणू फारच थोडे आढळले. रासायनिक औषधात भेसळ असली तर शेतकरी दुकानाला दोष देतो. जैविक औषधात भेसळ असली तर तो जैविक या कल्पनेलाच दोष देतो.

तिसरे कारण भाषेचे आहे आणि ते खास आपल्या सीमाभागाचे. संशोधन इंग्रजीत झाले, राज्याची शिफारस कन्नडमध्ये आली, पाटणचेरूची शिबिरे तेलुगू मुलखात भरली आणि परभणीची मराठी पत्रके सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांसाठी छापली गेली. भालकी-औरादच्या मराठी शेतकऱ्यापर्यंत चार भाषांतून जे पोहोचले, ते बहुधा दुकानदाराच्या तोंडून.

चौथे कारण ‘एल्कार’चेच. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून स्पिनोसॅड, इंडोक्झाकार्ब, इमामेक्टिन आणि पुढे क्लोरँट्रानिलिप्रोल ही नवी, प्रभावी रसायने आली. ती थोड्या मात्रेत काम करतात आणि पूर्वीच्या औषधांपेक्षा मित्रकिडींना तुलनेने सौम्य आहेत. शेतकऱ्याने ती घेतली, यात त्याचा दोष नाही. प्रश्न इतकाच, की पायरेथ्रॉइडही एकेकाळी अचूकच वाटत होते. एकाच औषधावर सारा भार टाकला, की अळी त्यातून वाट काढते.

हे अटळ नव्हते, याला ब्राझील साक्षी आहे. तेथील सोयाबीनवरील एका अळीचा विषाणू फ्लाव्हियो मोस्कार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून शेतकऱ्यांपर्यंत नेला. शेतातच रोगी अळ्या वेचायच्या, गोठवून ठेवायच्या आणि पुढच्या हंगामात वापरायच्या. या शतकाच्या आरंभी हे क्षेत्र सुमारे वीस लाख हेक्टरांपर्यंत गेले. पुढे पिकाची पद्धत आणि फवारण्यांचे वेळापत्रक बदलले, तसे तेही घटले. परंतु २०१३ साली आपली हेलिकोव्हर्पा ब्राझीलमध्ये आढळली, तेव्हा तेथील सरकारने तातडीने परवानगी दिलेल्या उपायांत विषाणूही होते. ज्या देशाने हे ज्ञान जिवंत ठेवले, त्याला ते अडचणीत आठवले.

समारोप

आपल्याकडेही ते ज्ञान मेलेले नाही. २००९ साली स्थापन झालेले रायचूर कृषी विद्यापीठ, कलबुर्गीचे संशोधन केंद्र आणि बिदरचे कृषी विज्ञान केंद्र आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. विषाणूने सर्व रसायने हद्दपार होतील, असे मी म्हणत नाही. अळी लहान असताना पहिली फवारणी विषाणूची, मोठा उद्रेक झाला तर झाडे हलविणे, आणि तरीही आवरले नाही तरच निवडक रसायन, असा क्रम ठेवला तर खर्च आटोक्यात राहतो आणि रसायनाची धारही टिकते.

शाळेने यात काय करावे? तीन लहान कामे सुचवितो. विज्ञानाच्या तासाला मुलांना मार्गशीर्षात तुरीच्या शेतात न्यावे आणि शेंड्याला उलटी लटकलेली अळी ओळखण्यास शिकवावे. कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात अळी आली, आभाळ कसे होते, काय फवारले आणि काय लागू पडले, याची एक वही शाळेने ठेवावी. १९९७ची अशी गावोगावची वही आपल्यापाशी असती, तर आज मला आठवणींवर विसंबावे लागले नसते. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी जे शिकून दूर गेले आहेत, त्यांनी कन्नड-इंग्रजीतील शिफारशी दरवर्षी मराठीत उतरवून गावी पाठवाव्यात.

त्या शेतकऱ्याच्या जवळ एकच वही होती आणि ती दुसऱ्याच्या दुकानात होती. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजनांनी आपल्याला लिहायला शिकविले. आपल्या शेताची वही आपल्याच हाताने लिहिणे, हे त्या ऋणाचे एक चांगले उतराईपण होईल.